बाई थांबत नाहीत

…आणि मला एवढंच सांगा, कात्री गेली कुठे? म्हणजे खरीखुरी कात्री नाही हो, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. डाव्या कोपऱ्यात, वरून तिसरी, करड्या चौकोनात काळी कात्री. एकोणीस वर्षं तिथे मुकाट बसलेली, आमच्या भावोजींचं बोट डोळे मिटले तरी नेमकं तिच्यावर जाऊन पडायचं, आणि एका सोमवारी सकाळी बघतात तर ती नाहीच. तिच्या जागी एक जांभळी चांदणी. आता चांदणीने कोण काय कापतं? तुम्हाला सांगते, मी शेजारच्याच टेबलाशी होते, दहा मिनिटं ते नुसते त्या चांदणीकडे बघत बसले, आणि मग हळूच, रागावून नाही, खरोखर उत्तर हवं असल्यासारखे म्हणाले, "आधीचं काय वाईट होतं?"

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सत्तावन्नचे आहेत, मोजकं बोलतात. आम्ही दोघंही एकाच ठिकाणी कामाला आहोत, अंध वाचकांसाठी पुस्तकं आवाजात उतरवतात ना, त्या ग्रंथालयात. ग्रंथालय म्हणजे काय, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीच्या भिंतींना रजया ठोकल्यात, तिथे वाचणारे वाचतात, आणि दुसरीत मी आणि भावोजी. मी पुस्तकं पाठवते, वाचकांचे फोन घेते, आणि भावोजी त्याआधी रेकॉर्डिंग निस्तरतात. खोकला काढायचा, पान उलटल्याची खसखस काढायची, खालून हातोडीचा ठोका आला तर तो असा अलगद उचलायचा की वाक्याला कळूसुद्धा नये. हे सगळं त्या करड्या, कुरूप, कधीही न अडलेल्या सॉफ्टवेअरवर.

आणि त्या सोमवारी ते आपलं आपण नवं झालं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. उघडलं की पहिल्यांदा विचारतं, 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' आणि खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, त्यातला एक दाबल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. भावोजी रोज मधला दाबायचे. मग फाइल सेव्ह केली की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडतात आणि ते म्हणतं, 'कमाल केलीत!' अहो, फाइल सेव्ह केली, घर बांधलं का? आणि सेव्हचं बटण शोधायला अर्धा तास लागला ते वेगळंच, कारण त्याचं नाव आता 'जगाला ऐकवा' झालं होतं. एकदा जगाला ऐकवलेलं परत मागे घ्यायचं तर? तर तीन वेळा 'खात्री आहे का' विचारणार, आणि चौथ्यांदा बंद पडणार.

पण भावोजी शिकले. माणूस हट्टी नाही हो. संचालकसाहेब येऊन पाठीवर थाप मारून गेले, "काळाबरोबर चालायला पाहिजे," आणि हे काळाबरोबर चालले. वहीत लिहून काढलं, कात्री म्हणजे चांदणी, पाऊल मागे म्हणजे वाकडा बाण, तुकडे जोडायची शिवण म्हणजे ढग. पंधरा दिवसांत हात बसवला, कारण पुढ्यात बाईंचं पुस्तक होतं.

आता बाई सांगते, कारण सगळं घोडं अडलं ते बाईंपाशी. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, आमच्याकडे दहावीचं गणित वाचायच्या. गणित वाचणं म्हणजे काय ते तुम्ही करून बघा. कंस उघडला, क्ष अधिक दोन, कंस बंद, संपूर्ण कंसाचा वर्ग. ऐकणाऱ्याला डोळ्यांपुढे फळा दिसायला हवा, आणि बाईंचा दिसायचा. पण बाईंची खरी कला वेगळीच होती. त्या उदाहरण वाचायच्या, मग म्हणायच्या, "आता तुम्ही सोडवा," आणि थांबायच्या. नुसत्या थांबायच्या नाहीत बरं का. पेन्सिल घेऊन स्वतः ते गणित सोडवायच्या, वर्गातलं सगळ्यात सावकाश पोर सोडवेल तसं, आणि मग म्हणायच्या, "झालं? बघू या." सोप्याला अर्धा मिनिट, अवघडाला चार-चार मिनिटं. दोनशे चौदा गणितं होती, आणि प्रत्येकाचं थांबणं निराळं. तेवढ्या वेळात तिकडे मुलं ब्रेलचे उठावाचे ठिपके पाडत उत्तर काढायची. पुस्तकातलं निम्मं शिकणं त्या न बोललेल्या जागेत होतं.

बाईंचं वाचन संपलं आणि त्याच आठवड्यात त्या न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी पलंगावर. भावोजींनी पुस्तक पुरं केलं, कागदाचे तुकडे उडाले, कमाल केलीत, आणि मी ते एकतीस मुलांना पाठवलं. परीक्षेला पंचवीस दिवस होते.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मुलींच्या वसतिगृहातली एक मुलगी, नेहमी फोन करणारी, पण त्या दिवशी आवाज अगदी बारीक. म्हणाली, "काकांना द्या ना." मी स्पीकरवर टाकला.

"काका, बाई रागावल्यात का?"

भावोजी म्हणाले, "नाही गं. का?"

"बाई थांबत नाहीत. 'आता तुम्ही सोडवा' म्हणतात आणि लगेच 'झालं?' विचारतात. आमचं काही चुकलं का, काका?"

तुम्हाला सांगते, भावोजींनी फोन ठेवला, कानाला हेडफोन लावला, आणि त्यांचा चेहरा असा उतरत गेला, मला आठवूनही कसंतरी होतं. "आता तुम्ही सोडवा झालं बघू या." सलग. दोनशे चौदा वेळा. जशी काही बाईंना गाडी पकडायची होती. त्या नव्या व्हर्जनने काय केलं होतं, तर 'रिकाम्या जागा' आपोआप गोळा करून टाकून दिल्या होत्या. पडद्यावर काम करताना त्या दिसायच्या, जगाला ऐकवताना नाहीशा. आणि तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण जागा वाचवायची म्हणून मूळ रेकॉर्डिंगमधूनही त्याने त्या पुसल्या होत्या. एकोणीस वर्षं ज्या माणसाने खोकल्यासकट मूळ प्रत जपून ठेवली, त्याच्या हातून.

मदतीच्या नंबरवर फोन केला. एका मुलीचा गोड आवाज. "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, सर. काय अडचण आहे?"

"शांतता गेलीय."

"खूप आवाज येतोय का, सर?"

"नाही हो. शांतता होती, ती तुमच्या सॉफ्टवेअरने खाल्ली."

"सर, त्या सुविधेचं नाव सुलभ श्रवण आहे. ग्राहकांना ती फार आवडलीय."

"ती बंद कशी करायची?"

"बंद करायची सोय पुढच्या व्हर्जनमध्ये येईल, सर."

"मग मला मागचं व्हर्जन द्या."

"मागचं आता मिळत नाही, सर. नवं अधिक चांगलं आहे."

भावोजींनी विचारलं, तेच, तितक्याच हळू, "आधीचं काय वाईट होतं?" मग ती मदतवाली मुलगी म्हणाली, "सर, या संभाषणाला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?"

संचालकसाहेबांचं म्हणणं, "मधे कोरी जागा घाला ना, दोन-दोन मिनिटं. त्यात काय एवढं?" भावोजींनी तेही करून पाहिलं, सॉफ्टवेअरने खाऊ नये म्हणून त्या जागेत कानाला न लागणारी घरघर भरून एक धडा वसतिगृहातल्या त्या मुलीला पाठवला. तासाभरात तिचा फोन. "काका, मधेच बंद पडतंय. मी चारदा पहिल्यापासून लावलं." कारण कोरी जागा म्हणजे मेलेली जागा हो. बाई थांबायच्या तेव्हा पेन्सिल कुरकुरायची, खुर्ची हलायची, एखादा श्वास. ऐकणाऱ्याला कळायचं की बाई आहेत, पलीकडे बसल्यात, आपल्यासाठी थांबल्यात. यंत्राच्या शांततेत कोणीच नसतं.

त्या दिवशी भावोजी डबा न उघडता घरी गेले. ताईचा मला फोन, "अगं, हे जेवत नाहीयेत, म्हणतात एकतीस पोरांना मी घाई केली." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात भावोजी उभे. कारण त्यांना आठवलं होतं, ग्रंथालयाने टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर मी सासूबाईंना पत्ते खेळायला आणला होता, त्याला इंटरनेट नाही, त्यामुळे त्याच्यातलं काहीही सुधारलेलं नव्हतं. लावला. उघडलं. करडं, कुरूप, डाव्या कोपऱ्यात वरून तिसरी कात्री. भावोजींनी चष्मा काढून पुसला.

सासूबाई मागे उभ्या. "माझा डाव अर्धा आहे."

भावोजी म्हणाले, "आजी, मुलांची परीक्षा आहे."

सासूबाईंनी विचार केला. "न्या. पण त्याला सुधारू नका."

मग ते बाईंकडे गेले, मला बरोबर घेऊन. बाई पलंगावर, उशांना टेकलेल्या, उताणं पडून पडून चिडलेल्या, आणि भावोजी दारातच अवघडले. कारण चूक सांगायची कशी? बाईंचं तीन महिन्यांचं काम. पण सांगितलं, काही न लपवता, सॉफ्टवेअरवर न ढकलता. "मी शेवटी एकदा पूर्ण ऐकायला हवं होतं. नाही ऐकलं. माझी चूक आहे." बाईंनी पांघरूण नीट केलं. मग म्हणाल्या, "मला आता तासभर वाचायचा दम नाही हो."

"वाचायचं नाही, बाई. वाचलेलं सगळं आहे माझ्याकडे. बोलायचं काहीच नाही. फक्त थांबायचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हा माणूस शुद्धीवर आहे ना अशा नजरेने. आणि मग त्यांना कळलं, आणि त्या म्हणाल्या, "ती फळी द्या इकडे. आणि पेन्सिलीला टोक करा."

सहा दिवस, रोज दुपारी दोन तास. भावोजी खालच्या आवाजात उदाहरण वाचायचे, बाई गुडघ्यांवरच्या फळीवर ते सोडवायच्या, आणि मी माइक धरून श्वाससुद्धा जपून घ्यायची. बाईंची सून स्वयंपाकघरात भांडी न वाजवता वावरायची. शेजारचा एक माणूस डोकावून म्हणाला, "काय रेकॉर्ड करताय?" भावोजी म्हणाले, "काही नाही." तो म्हणाला, "सांगायचं नसेल तर राहू दे."

एकशे त्रेचाळीसाव्या गणिताला बाई थांबल्या त्या थांबल्याच. दोन मिनिटं, तीन, चार. पेन्सिलीचा आवाज बंद. बघते तर बाईंचा डोळा लागलेला, दुखण्याने रात्रभर झोप नव्हती त्यांना. मी भावोजींना खूण केली, बंद करू? त्यांनी मान हलवली, नाही. आम्ही तसेच बसून राहिलो. आठव्या मिनिटाला बाई जाग्या झाल्या, कागद बघितला, दोन ओळी लिहिल्या, आणि जणू काहीच झालं नाही अशा मान वर करून म्हणाल्या, "पुढचं."

ती आठ मिनिटं कापायची की ठेवायची? मी म्हटलं कापा, दोन मिनिटं पुरे. जुन्या कॉम्प्युटरवर भावोजींचं बोट कात्रीवर गेलं, थांबलं, परत आलं. म्हणाले, "एकशे त्रेचाळीस अवघड आहे. राहू दे."

परीक्षेला बारा दिवस असताना नवं पुस्तक सगळ्यांना पोचलं. या वेळी भावोजींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, दोनदा, पेन्सिल घेऊन. म्हणाले, त्यांना स्वतःला एकशे साठ गणितं आली.

निकालानंतर त्या मुलीचा फोन आला. पास झाली होती, पहिला नंबर वगैरे नाही, नीट पास. म्हणाली, "काका, एकशे त्रेचाळीसला बाई खूपच वेळ थांबल्या. वर्गात मला नेहमी शेवटी राहिल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी माझं आधी झालं. मी बाईंची वाट बघत बसले."

भावोजी "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले. खाली सायकलवाला चाकाला हवा भरत होता, ते बराच वेळ बघत राहिले. मी बाईंना निरोप पोचवला. बाई म्हणाल्या, "आठ मिनिटं? मी?" आणि फोन ठेवून दिला.

कॉम्प्युटर सासूबाईंकडे परत गेला. बाई काठी घेऊन चालायला लागल्या, परवा जिना चढून वरसुद्धा आल्या, हातात एक कोरं करकरीत पुस्तक. अभ्यासक्रम बदलला. दहावीच्या गणिताची सुधारित आवृत्ती आलीय, रंगीत चित्रांची, आणि त्या दोनशे चौदांपैकी एकही गणित ठेवलेलं नाही. बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं, खुर्चीत बसल्या, घाम पुसला, म्हणाल्या, "एकशे नव्वद आहेत. कधी सुरू करायचं?"

भावोजींनी पुस्तक चाळलं, मिटलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या सासूबाईंना विचारून ठेव, डाव कधी संपतोय."