सुखी आहात ना, खरं सांगा

आमच्या मावशीचं रायपुरात मराठी वधू-वर सूचक केंद्र आहे, तुम्हाले माहीतच आहे. ती म्हणे, "वेबसाइटवर टाकायले जोडप्यांचे अभिप्राय पाहिजेत, ईमेल पाठव."

'आपला अभिप्राय कळवा' असा सब्जेक्ट पाहून मेल कोण उघडते? म्हणून मी लिहिलं, 'तुम्ही सुखी आहात ना? खरं सांगा.' अन् केंद्रातून लग्न जमलेल्यांच्या बायोडाटातल्या पत्त्यांवर पाठवून दिलं.

आता बायोडाटात ईमेल कोणाचा असते? बापाचा.

लगेच वानखेडे काकांचा फोन. त्यांची पोरगी अभनपूरला दिली आहे.

"काहून, आमच्या पोरीनं तुमच्यापाशी काही सांगितलं का?"

"नाही काका, सगळ्यांलेच पाठवलं."

"लपवू नका. आम्ही निघून राहिलो."

अन् काका-काकू बॅग भरून पोरीच्या घरी जाऊन बसले. जावई चहा पिताना हसला तरी काका विचारत, "काहून हसले?"

आठवडा गेला. वेबसाइटसाठी एकच अभिप्राय आला, त्या जावयाचा: 'आम्ही सुखी होतो. सासू-सासरे परत गेले की पुन्हा होऊ.'