मागचं दार

(अग्निशमन केंद्रातली खोली. टेबलाच्या अलीकडे वर्कशॉप जळालेला सुतार, पलीकडे बंबावरच्या महिला अधिकारी.)

सुतार : चार मिनिटं, मॅडम. तुमचा माणूस कुऱ्हाड घेऊन छपरावर उभा, आणि तुम्ही खालून त्याला हात दाखवून थांबवताय. माझे बाबा माळ्यावर घुसमटत होते.

अधिकारी : पाइपला पाणी आलं नव्हतं.

सुतार : पत्रा उचकटायला पाणी कशाला लागतं? धूर तरी गेला असता. अख्खी गल्ली तेच म्हणतेय.

अधिकारी : धूर बघितलात का नीट? पुढच्या दाराच्या फटीतून बाहेर यायचा आणि परत आत ओढला जायचा. काच काळी ठिक्कर, पण ज्वाळा कुठेच नाही. म्हणजे आग हवेसाठी टपून बसलेली. अशा वेळी पाणी हातात नसताना काही उघडलं की संपलं. पाणी आलं, तसा आगीच्या बरोबर वरचा पत्रा काढला आणि आत शिरलो.

सुतार : तरी भडका उडालाच ना? बाबांचे दोन्ही हात भाजले. चाळीस वर्षं रंधा मारलाय त्या हातांनी.

अधिकारी : तो आधीच उडाला होता. मागच्या दाराकडून, जिन्याने वर.

सुतार : मागचं दार…

अधिकारी : सताड उघडं होतं.

सुतार : त्यांना हवा मिळावी म्हणून हो. एवढंच होतं माझ्या मनात.

अधिकारी : पाणी प्या आधी. मी या नोकरीत नसते, तर मीही तेच केलं असतं.

सुतार : मग बोलला का नाहीत? माझ्या तक्रारीवरून परवा तुमची चौकशी आहे.

अधिकारी : दवाखान्यात तुमच्या बाबांचा जबाब घेतला. म्हणाले, दार मीच उघडलं.

सुतार : बाबा? गुडघ्यांमुळे त्यांना धरून उतरवावं लागतं.

अधिकारी : तेच म्हटलं मी, तर मलाच दटावलं. 'पोरी, सांगतो तसं लिही. त्याला कळलं तर आयुष्यभर स्वतःला खात बसेल.' तुम्हाला सांगणारही नव्हते मी. पण खोट्यावर सुटायचं, तेही माझ्याने होईना.

सुतार : त्यावर सही झालीय?

अधिकारी : कशी होणार? हात बांधलेत त्यांचे. अंगठाही उठवता येत नाही.

सुतार : मग नवा कागद घ्या, मॅडम. लिहा, मागचं दार मुलाने उघडलं. माझे हात धड आहेत.