तोंडाला तोंड लावलेली मडकी

माहेर माझं जुन्नरकडं, सासर हितं महाळुंग्याला. माहेरी मला बडबडी म्हणायचे, लग्नानंतर सुधरंल असं आईला वाटलं व्हतं, पण काय सांगू तुमाला, ते काय जमलं न्हाई. लेकासुनेसाठी ओढ्याकडच्या टेकाडावर घर बांधायचं ठरलं तवा जागा बी मीच बडबडून ठरवली. त्या टेकाडाला समदे लोक पांढरी म्हणत्यात. म्हंजी जुन्या वस्तीची माती, राखंवानी भुरकट. आमी भिंती लिंपायला तीच आणायचो. वस्ती कुणाची, ते कुणी इचारलं न्हाई, आपल्याला भिंत गुळगुळीत झाल्याशी मतलब.

जेसीबीनं पाया खोदाया घेतला आन कंबरंएवढ्या खोलीवर डायवरनं मशीन बंद केली. बघतो तर चोपून केलेली जमीन, कडंनं खांबांची गोल भोकं, आन जमिनीच्या पोटात दोन मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आमचे धाकटे दीर, भाऊजी, माझ्या कानाशी आले, म्हणाले, वयनी, हंडा हाय, गुप्तधन असंच ठेवत्यात, कुणाला बोलू नका. मला सांगताय बोलू नका! तरी मी गपगुमान हळदकुंकू आणाया गेले, नारळ आणाया गेले, तवर सूनबाईनं फोटो स्टेटसला टाकला बी व्हता.

मग काय, गाव जमलं. आन फोटो फिरत फिरत गेला तसा पुण्याहून जुन्या वस्त्या खोदणाऱ्या एका बाईंचा फोन आला, हात लावू नका, आम्ही निघालोय. भाऊजी म्हणाले, त्या यायच्या आत फोडायचं, टेकाड दोघांचं हाय, अर्धं माझं. आमचे हे म्हणाले, बाळू, थांब. भाऊजींनी पहार उचलली, हे त्यांच्या हाताला लोंबकाळले, आन दोघं सख्खे भाऊ एकमेकांच्या आईवरून शिव्या देऊ लागले. आई एकच, पण सांगणार कोण?

मला काय सुचलं देव जाणे, मी खड्ड्यात उतरले आन पदर खोचून मडक्यांच्या म्होरं बसले. माझं वजन तुमी बघताय, उठवायचं तर परत जेसीबीच लागणार. भाऊजी वर, पहारीचं टोक माझ्या डोक्यावर. वयनी, उठा. न्हाई उठत. वयनी, हात सुटंल माझा. सुटू द्या, मग वाटणी कुणासंगं करताय? लोक हसले. भाऊजी न्हाई हसले. त्यांनी पहार आवळून धरली, मी डोळे मिटून घेतले, पण पहार काय खाली आली न्हाई. तुमाला वाटंल त्या बाईंच्या शब्दाखातर बसले. न्हाई हो, मला बी सोनंच दिसत व्हतं. गर्दीत फुटलं तर चार दिशांना पांगंल, म्हणून बसले.

बाई येईस्तोवर पाय मेले माझे, चौघांनी वर ओढली. बाईंनी बारक्या कुंच्यानं माती झाडली, मडकी हळूच सोडवली. सगळे वाकले. आत माती, आन मातीत काडीएवढी हाडं. भाऊजी म्हणाले, कोंबडी पुरली का काय? बाई म्हणाल्या, तान्हं मूल आहे. हजारो वर्षांमागं इथं घर व्हतं, गेलेलं लेकरू हे लोक असं मडक्यात ठेवून घराच्या जमिनीतच पुरायचे.

भाऊजींचं पहिलं पोरगं बारशाआधीच गेलं व्हतं, त्यांनीच ते लांब नदीकडं नेऊन पुरलं. जाऊबाई कितीदा म्हणायच्या, जागा तरी दावा, त्यांनी दावली न्हाई. पहार खाली ठेवून त्यांनी बाईंना इचारलं, घरातच? रोज उठायचे-बसायचे तिथंच? बाई हो म्हणाल्या. तसे ते उठले आन तडक घरी गेले. सांजच्याला जाऊबाईंना गाडीवर बसवून नदीकडं घेऊन जाताना मी दारातून बघितलं.

आता पाया जरा अलीकडं सरकवलाय. बाईंनी उरलेला खड्डा मातीनं झाकलाय, खाली अजून अशी लेकरं असतील म्हणाल्या. सूनबाईला दिवस गेल्यात. नव्या घरात पाणी तापवायची चूल कुठं मांडायची म्हणून परवा भाऊजींना इचारलं, तर त्यांनी खड्ड्याकडची बाजू दावली. तिकडं बी ऊब जाईल, म्हणाले. मी म्हटलं, मांडू की तिकडंच.