शेवटची मोट जनावरांची

ऐका. पण आधी एक ठरवून घेऊ. भुताच्या गोष्टीत 'मी' म्हणायचं नसतं. म्हटलं की ते माणूस शोधत घरापर्यंत येतं, असं आमचे आप्पा सांगायचे. आता मी शिकलेली बाई, माझा काही विश्वास नाही. पण उगाच कशाला? म्हणून गोष्टीतल्या बाईला आपण कुंदा म्हणू. कुंदा आत्ता या गच्चीवर बसली आहे की नाही, हे कुणी विचारायचं नाही. ओजस, माझ्याकडं बघून हसू नकोस. पांघरूण घे.

तर कुंदा तेव्हा पंचवीस-सव्वीसची. शाळेत शिकवायची, आणि घरी आठ महिन्यांचं बाळ. भित्री. किती भित्री? बाळाचं पाणी उकळायला ठेवलं की घड्याळ लावून वीस मिनिटं पातेल्यासमोर उभी. मग गाळायचं, थर्मासात भरायचं. मग थर्मास नीट धुतला होता का, अशी शंका. की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. हसा, हसा. तिच्या सासूबाईही हसायच्या.

नवरा नागपूरला नोकरीला. त्यानं एक जुनी गाडी घेऊन पेठेच्या घरी ठेवली होती. जाताना बजावून गेला, "चिंचखिंडीतून एकटी नेऊ नकोस हं." आणि कुंदानं काय केलं? नेली! लायसन येऊन दोन महिने झालेले. बाळाला घेतलं आणि खिंड ओलांडून थेट माहेरी, कुसवड्याला. अंगणात वळवून उभी केली तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. काय तो तोरा!

दुसऱ्या दिवशी निघायला किल्ली फिरवली, तर इंजिनाचा पट्टा तुटलेला. गाडी जागची हलेना. तो दिवस शनिवार. नवरा रविवारी सकाळी पेठेला उतरणार. कुंदाचं तोंड एवढंसं झालं. मीच काहीतरी भलतं दाबलं असणार, असं ती दिवसभर घोकत बसली.

शेवटी धावून आला दौलूमामा. मामाकडं जुनी पिकअप होती. दिवसभर भाजी वाहायची, त्यामुळं मोकळी मिळायची ती रात्रीच. बैलजोडी विकून घेतलेली ती गाडी. आणि मामानं तिचं नाव काय ठेवावं? हौशा! विकलेल्या बैलाचं नाव. दोन्ही दारं तारेनं बांधलेली, आत कोथिंबिरीचा आणि डिझेलचा वास, आणि रेडिएटर असा गळका की दर दोन-तीन मैलांवर पाणी पाजावं लागायचं. आजही बाजारात ओल्या कोथिंबिरीचा वास आला की कुंदाला आधी हौशा आठवते, मग भाजी.

"आगं, बांधू आन् वढत नेऊ," मामा म्हणाला. "पाटं सहाला मिस्त्री दुकान उघडतोय. जावईबापू उतरायच्या आत गाडी दारात हुभी! कुणाला कळतंय?"

"मामा, मला ओढलेली गाडी चालवता येत नाही."

"तुला न ओढलेली तरी कुठं येतीय? बस गुमान."

मग त्यानं नियम सांगितले. मागच्यानं दोर कधी सैल पडू द्यायचा नाही. पाय ब्रेकवर हलका ठेवायचा. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, तेव्हा जोर लावायचा. एक हॉर्न म्हणजे हळू. दोन हॉर्न म्हणजे थांब.

"आन् बाळ दे हिकडं, माज्याजवळ निजंल."

"तुमचं दार तारेनं बांधलंय, मामा. बाळ माझ्याजवळच राहील."

शेजारच्या सीटवर उशा रचल्या, मधे बाळाला निजवलं, पायाशी उकळलेल्या पाण्याचा थर्मास. आणि रात्री नऊ-साडेनऊ वाजता निघाली ही वरात.

खिंडीच्या पायथ्यापर्यंत सगळं ठीक. तिथं पहिलाच चढ लागला आणि फाट्ट! नायलॉनचा दोर तुटला. बाळ दचकून उठलं. मामा उतरला, तुटका दोर बघितला, डोकं खाजवलं.

आता ऐका हं. तिथं रस्त्याच्या कडेला एक विहीर होती. मोटेची विहीर. मोट माहीत आहे का? नाही ना. चामड्याची एवढी मोठी पिशवी असायची. ती विहिरीत सोडायची, बैल धावेवरून, म्हणजे काठापासून खाली उतरत्या वाटेवरून, पुढं जाऊन ती वर ओढायचे, आणि ज्या जाड दोरानं ओढायचे तो नाडा. मुक्ता, दात काढू नकोस, पायजम्याचा नव्हे. आणि मोटकरी कुठं बसायचा? त्या ताणलेल्या नाड्यावरच! पाय सोडून, बैलांना गाणं म्हणत. पाणी वर आलं की थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओतायचं, आणि मग बैलांना एकेक पाऊल मागं घ्यायचं. कुंदाच्या लहानपणी आप्पा असेच बसायचे. नाड्यावर बसलेले आप्पा म्हणजे झोपाळ्यावर बसलेला राजा, असं तिला वाटायचं.

तर त्या विहिरीच्या काठावर, मोटेच्या जुन्या लाकडावर एक नाडा गुंडाळून ठेवलेला. मामा खूश!

"मामा, कुणाचा तरी असेल."

"मोटा बंद हून वीस वरसं झाली, पोरी. कोन इचारतंय?"

वीस वर्षं उन्हापावसात पडलेला दोर, आणि हाताला कालच वळल्यासारखा! कुंदाच्या मनात हे आलं. पण ती काय बोलली? काही नाही. आपल्याला दोरातलं काय कळतंय, असं म्हणून गप्प बसली. शिकलेल्या माणसाचं हेच होतं बघा. जे दिसतं त्यावर आधी शंका, आणि नको तिथं विश्वास.

मामानं गाठी मारल्या. निघाले.

आणि काय सांगू! गाडी अशी सुरेख निघाली की बस. मघाशी धापा टाकणारी हौशा आता डुलत डुलत चढायला लागली. कुंदा जरा सैलावली. तेवढ्यात काचेवर टप. मग टप टप. पाणी! वैशाखाचा महिना, आभाळात ढग नाही. तिनं बघितलं तर नाडा भिजलेला. त्याच्यातून पाणी निथळत होतं.

मग आवाज आला. लांबून, बारीक. "हां राजा... हां रं माज्या हौशा..."

मामा बोलतोय, असं तिला वाटलं. तेवढ्यात हौशा थांबली. मामा उतरून आला.

"हाक कशाला मारतीस? हॉर्न वाजीव म्हनलं न्हवतं?"

"मी कुठं मारली? तुम्हीच बोलत होतात ना हौशाशी?"

मामाचा चेहरा उतरला. पण कबूल करतोय होय! "वारं आसंल," म्हणाला, आणि आला होता त्याच्या तिप्पट वेगानं परत गेला.

पुन्हा निघाले. आता मात्र गाडी जड. आणखी जड. हौशा कण्हायला लागली. समोरून वाफेचा वास यायला लागला. हौशाच्या मागचा एकच लाल दिवा चालायचा. त्या लाल उजेडात कुंदानं समोर बघितलं.

नाड्यावर कुणीतरी बसलं होतं.

तिच्याकडं पाठ. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, पाय खाली सोडलेले. निवांत! आणि एवढा माणूस बसूनही नाडा तसूभर खाली झुकलेला नाही. कुंदानं डोळे मिटले, उघडले. बसलेलाच. तिनं हॉर्न दाबला. एकदा, दोनदा, दहादा! आवाजच नाही.

पहिल्या वळणापाशी हौशा थांबली. आणि त्या माणसानं जिभेनं टक टक केलं. "मागं... मागं रं राजा..."

हौशा मागं आली! एक पाऊल. थांबली. पुन्हा एक पाऊल. चाकं घरंगळतात तशी नाही हो. बैल येतो तशी, दमादमानं! पुढून मामा ओरडतोय, "आगं, ब्रेक दाबलाय! दोन्ही पाय दिल्यात ब्रेकवर!" आणि कुंदाची गाडीही मागं. खाली सरळ उतार, आणि उताराच्या टोकाला काय? तीच विहीर. कुंदाला लख्ख कळलं. हौशा त्याचा बैल. आणि ही गाडी, जिच्यात तिचं बाळ निजलंय, ती त्याची मोट. मोट परत विहिरीत सोडायची वेळ झाली होती.

पुढचं पाऊल पडून गाडी थांबली तशी तिनं हँडब्रेक कचकन ओढला, बाळाला काखेत घेतलं, दार उघडलं आणि बाहेर उडी मारली. आता ती पळू शकत होती, बरं का. बाळ हातात होतं. पण मामा? तो तारेनं बांधलेल्या दाराशी झटत होता. घाईत तार काही सुटेना.

अशा वेळी माणसाला काय आठवेल सांगता येत नाही. कुंदाला आप्पा आठवले. दिवस मावळताना आई भाकरीला हाका मारायची, कुंदा बांधावरून "आप्पा, चला ना" करायची, आणि आप्पा नाड्यावरून उतरायचेच नाहीत. म्हणायचे, "शेवटची मोट जनावरांची. ती प्यायली की मी उतरतो." शेवटचं पाणी पिकाला नाही द्यायचं. बैलांना. ते प्याले की आप्पा उतरायचे, नाडा सोडायचे, आणि कुंदाला खांद्यावर घ्यायचे. बैलाच्या मिशांवरून ठिबकणारं ते पाणी तिला त्या काळोखात जसंच्या तसं दिसलं.

तिनं वाकून गाडीतून थर्मास ओढला. नाड्याच्या बाजूनं चालायला लागली. त्याच्या बरोबरीला आली, पण मान वळवली नाही. तेव्हा तो बोलला. थकलेला आवाज. धाक नाही, काही नाही.

"पोरी, दिस मावळला का गं?"

कुंदा म्हणाली, "मावळला, बाबा. केव्हाच मावळला. शेवटची मोट जनावरांची."

आणि धावली! "मामा, झाकण! रेडिएटरचं झाकण!" तेवढ्यात मामाची तार सुटली होती. त्यानं गोणपाट घेऊन झाकण फिरवलं, वाफेचा लोट उठला, दोघं बाजूला झाली. मग कुंदानं थर्मास उपडा केला. वीस मिनिटं उकळलेलं, गाळलेलं, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवलेलं पाणी! सगळं हौशाच्या पोटात. घुटुक घुटुक घुटुक, असा आवाज. अगदी बैलासारखा. लिटरभर पाणी ते, पण रेडिएटर काठोकाठ भरला. कसा? मला नका विचारू.

मागं कुणीतरी सुस्कारा सोडला. दिवसभराच्या कामातून उठताना माणूस सोडतो तसा. आणि नाड्याच्या गाठी आपोआप उकलल्याचा आवाज आला. सर्रर्र!

मागं वळून बघितलंच नाही कुणी. तिघं हौशात बसली, आणि हौशा जी सुटली ती पेठेत जाऊनच थांबली. आपल्या बाजूचं तारेचं दार कुंदानं वाटभर हातानं धरून ठेवलं होतं.

सकाळी नवरा उतरला. तिनं सगळं सांगितलं. ऐकताना तो बाळाचा पाय हातात धरून बसला होता. मग ऊन वर आल्यावर चौघं गेली चिंचखिंडीत. गाडी विहिरीवर उभी होती. मागची चाकं काठापासून वीतभर. वीत मोजली मामानं, ही एवढी. हँडब्रेक ओढलेला तसाच. आतल्या सगळ्या उशा पिळून काढाव्यात इतक्या भिजलेल्या. आणि नाडा? लाकडावर नीट गुंडाळून ठेवलेला. दिवसाचं काम संपवून आप्पा ठेवायचे, तसा.

मामानं तिथं नारळ फोडला आणि कान धरले. पुढं हौशा भंगारात गेली त्या दिवशी मामा जेवला नाही. आता मामाही नाही, आणि विहीर रुंद रस्त्याखाली गेली. पण रात्रीचं त्या वाटेनं जायचं नाही. सांगून ठेवते. वळसा पडला तर पडू दे. रस्ता रुंद झाला म्हणून त्याचा दिस मावळला असेल, असं नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

ते बाळ? अरे, ते काय, तुमचा बाबा, त्या टाकीला टेकून मोबाइल बघतोय. मोठा इंजिनिअर. म्हणतो, "आई, हँडब्रेक सैल होता, उतार होता, दवानं उशा भिजल्या." वैशाखात दव! असू दे. पण पेठेला निघताना गाडीत सगळ्यात आधी काय ठेवतो, बघितलंय? पाच लिटरचा पाण्याचा कॅन. नव्या गाडीला पाणी पाजावं लागत नाही म्हणे. मग कशाला ठेवतोस, असं विचारा त्याला. आत्ताच विचारा. बघा, मान वर करतोय का.