फायरवॉल बदलायला गेलेला नवरदेव

— तसं न्हाई मामा, पोरगं पळून गेलं न्हाई, कामाला गेलंय. तुमी सिरसाळ्याहून तुमच्या शिवकन्यासाठी स्थळ बघायला येणार, हे आमच्या शिवशंकरला ठाव हाय की. पर दूध संघाचा फायरवॉल मेला, त्याला ते लेकरू काय करंल? फायरवॉल म्हंजी काय — तर नेटच्या दारातला राखणदार, भलतंसलतं आत येऊ देत न्हाई. शिवशंकर तिथं नेटवर्कचा साहेब हाय ना. त्यानं असले दोन डबे बसवलेत, एक थोरला, एक धाकटा. थोरला पडला की धाकट्यानं आपसूक काम उचलायचं. परवा लाईट कमीजास्त झाली, थोरला जळाला, धाकट्यानं गुमान सांभाळलं, कुणाला पत्ताबी न्हाई. चिवडा घ्या की.

मग काल नवा डबा आला, कोरा करकरीत. त्यानं धाकट्याकडून समदं शिकून घ्यायचं — कुणाला आत सोडायचं, कुणाला न्हाई. पर शिवशंकरनं घाईत नव्यालाच थोरला करून टाकलं. घाई कावून? तर तुमी येणार म्हणून दाढी-कटिंग करायची व्हती त्याला. — झालं, नवा म्हणला मीच थोरला, आन् धाकट्याचं समदं शानपण पुसून त्यालाबी आपल्यावानी कोरा केला. दोन्ही ठार अडाणी. गावोगावची दूध घ्यायची कॉम्प्युटरं बंद, बाया किटल्या घेऊन उन्हात उभ्या, आन् चेअरमन अमरसिंहदादा म्हणले, शिवशंकर, दूध नासलं तर उद्यापासून येऊ नगंस.

पोरगं रडकुंडीला आलं. जुन्या सेटिंगची नक्कल व्हती, पर घरच्या लॅपटॉपवर. मला फोन — आई, लॅपटॉप उघड. उघडला. तर त्यो पासवर्ड मागतोय. इचारलं, तर पोरगं म्हणतंय, ऱ्हाऊ दे आई, मीच घरी येतो. मागून दादा वरडतेत, दूध नासतंय, दूध नासतंय. मग पोरगं लई हळू म्हणलं, वैष्णवी. मी चष्मा लावून एकेक अक्षर हुडकून दाबलं, उघडलं की. त्यानं तिकडून नक्कल वढून घेतली, धाकटा पुन्हा शहाणा झाला, नोकरी वाचली. आज नव्याला नीट जोडाय गेलाय, एवढ्यात येईलच —

काय? वैष्णवी कोण?

वैष्णवी व्हय — वैष्णवी, आमची म्हैस. लई दुधाची. शिवशंकरचा लई जीव तिच्यावर. — गोठ्यात? आता कशाला बघता, आता न्हाई ती, चरायला गेली धारूरच्या डोंगराला. — लांब हाय, मला ठाव हाय, तिला हिंडायची सवय हाय. — थांबा, त्याचाच फोन. हां, बोल रे. दोन्ही डबे चालू झाले? बरं झालं बाबा. ये लवकर, पाव्हणं बसलेत. — कुणाला घेऊन येतूस? — आत्ता? मोटरसायकलवर? — आरं, मी न्हाई आवाज मोठा केला, ह्या फोनचं बटणच तसलं हाय —

उठलात व्हय मामा? बसा म्हणलं असतं, पर तुमची गाडी चुकंल. ही घ्या टोपी. सिरसाळ्याची गाडी फाट्यावर मिळंल. आन् हे बघा, वाटंत मोटरसायकल दिसली तर मागच्या सीटकडं टक लावून बघू नगा. म्हैस बुजती.