विश्वारंभाच्या मुंग्या

"हॅलो?… हॅलो! हे बघ, आधी एक नीट लक्षात घे. या विश्वाला सुरुवात आहे. ते कायमचं नव्हतं, कधीतरी सुरू झालं, आणि त्याचा पुरावा आपल्या हॉलमध्ये आहे. शोकेसशेजारी… हो, जेवले… हो, घेतली गोळी… पिवळी. पांढरी रात्रीची."

विश्वाची सुरुवात अशी गोळ्यांपाशी अडकली, तरी बाईंनी धीर सोडला नाही. सगळी इमारत त्यांना ऑपरेटरबाई म्हणायची, कारण निवृत्त होईपर्यंत त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देत होत्या. 'बोला' म्हणायचं आणि आपण गप्प बसायचं, असली नोकरी. त्यामुळे त्यांचं स्वतःचं बोलणं बरंच शिल्लक राहिलं होतं, आणि ते ऐकायला एकच लेक होती, दूरच्या शहरात, कायम घाईत. जुना टीव्ही काढून नवा लावायला तिनं आज माणूस पाठवला होता. नवा खोका दारात उभा होता आणि माणूस सोफ्यावर बसला होता, मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन.

"आलाय ना. केव्हाचा… मी कशाला अडवू त्याला? चहा दिला… नाही, काढला नाही अजून. काढू देणारही नाही… ओरडू नकोस, फोन कानालाच आहे माझ्या… बिघडलाय कोण म्हणतं? चित्र येत नाही, एवढंच. मुंग्या येतात की! त्या काळ्या-पांढऱ्या, वळवळणाऱ्या. आणि खरखर… अगं तेच तर सांगतेय, ऐक ना. वाचनालयात व्याख्यान होतं… मला कुठला विषय कळतोय, तिथला पंखा चालतो म्हणून गेले. तर ते पाहुणे म्हणाले, रात्री आकाश काळं का असतं?… सूर्य नसतो म्हणून? मीही तेच म्हणाले. मोठ्यानं. सगळे हसले… हो, हात वर करूनच म्हणाले."

पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. बाईंनी ते रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून ऐकून घेतलं.

"झालं तुझं?… तर दाट जंगलात उभी राहा, जिकडे बघशील तिकडे झाडच. बरोबर? मग आकाशात जिकडे बघावं तिकडे ताराच हवा. फटच राहायला नको. रात्र कशी लख्ख हवी. पण नसते. का? तर विश्वाला वय आहे म्हणून. फार लांबच्यांचा उजेड निघालाय, पण अजून आपल्यापर्यंत आलाच नाही… हो, वाटेत आहे… तुझ्यासारखाच. तूही गेल्या उन्हाळ्यापासून निघतेच आहेस… टोमणा कसला त्यात? शास्त्र आहे."

टीव्हीवाल्यानं आणखी एक बिस्कीट उचललं. एवढं मोठं विश्व गळी उतरायचं, तर सोबत काहीतरी चावायला हवंच.

"कुठे संपलं? मुद्दा पुढेच आहे… हो, हो… दोन मिनिटं. सुरुवातीला ना, सगळीकडे उजेडच उजेड होता. धगधगता. तो विझला नाही गं. विश्व पसरत गेलं तसा तोही ताणला गेला. धुऊन धुऊन सैल पडलेल्या स्वेटरसारखा. आता इतका ताणलाय की डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून आकाश काळं. पण आपल्या अँटेनाला कळतो! त्या मुंग्यांमधल्या शंभरात एखादी त्या उजेडाची असते, ते पाहुणेच म्हणाले… बाकीच्या? बाकीच्या असतील कुणाच्या मिक्सरच्या… असू दे ना एकच. एकीसाठी सगळा पसारा सांभाळायची सवय आहे मला. तुझी खोलीसुद्धा तशीच ठेवलीय."

मग बाई थोडा वेळ नुसत्याच हुंकार देत राहिल्या. लेक नव्या टीव्हीचे गुण सांगत असावी.

"हं… हं… असेल. पण नव्यात काय होतं ते मला माहीत आहे. वरच्या मजल्यावर बघितलंय. निळा पडदा येतो आणि त्यावर लिहून येतं, सिग्नल नाही. मला ठाऊक आहे गं सिग्नल नाही. भिंतीवर लिहून कशाला दाखवायचं?… काय करते म्हणजे? बघते. दुपारी लावून बसते… मुंग्याच बघते, दुसरं काय… डॉक्टरांकडे कशाला? तुझे बाबा नाही का कार्यक्रम संपला तरी त्याच्यासमोर झोपायचे? खरखर चालू, यांचं घोरणं चालू. आणि बंद केला की टक्क जागे. 'मी बघत होतो!'… हो गं, अगदी त्याच आवाजात… म्हणून लावते. खरखर असली की वाटतं, घरात कुणीतरी बघतंय."

आता पलीकडे कुणीच बोलेना.

एक्स्चेंजमध्ये बाईंना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. लाइनवर बोलणं थांबलं म्हणून जोडणीची पिन उपटायची नाही. आधी ऐकायचं. पोकळ शांतता असेल तर लाइन मेली. बारीकशी खरखर असेल तर पलीकडे माणूस आहे, शब्द शोधत असेल.

बाईंनी ऐकलं. खरखर होती.

"थांब. बोलू नकोस काही… भाऊ, जरा टीव्ही लावता का? दाबून नाही, फिरवून… आता वरून एक थाप मारा… जोरात मारा हो, त्याला सवय आहे."

टीव्ही खरखरू लागला. बाईंनी रिसीव्हर त्याच्याकडे नेला, पण फोनची वायर पुरेना. तेव्हा टीव्हीवाला उठला, आणि जो टीव्ही दाराबाहेर न्यायला तो आला होता, तो त्यानं टेबलासकट घरात आणखी आत सरकवला. बाईंनी रिसीव्हर टीव्हीच्या स्पीकरच्या जाळीला लावला. तिघांनीही काही वेळ विश्वाची सुरुवात ऐकली. मिक्सरसकट.

"ऐकलंस?… हॅलो?… अगं आहेस ना?… रडतेस की सर्दी झालीय?… सर्दी. बरं. वाफ घे… काय?… तू स्वतः?… या रविवारी? मागच्यासारखं नाही ना, सकाळी येऊन संध्याकाळी… राहायला? मग ये. टीव्ही टाकायचा की ठेवायचा, ते समोर बसून ठरवू. त्याच्यासमोर… खोका राहू दे इथेच. भाऊ, चालेल ना? लेक येतेय माझी!… चालेल म्हणतोय. तोंड भरलंय, पण मान हलली… बरं, ठेव आता. मीटिंग असेल तुझी… मी नाही ठेवत. ज्यानं फोन केला त्यानं ठेवायचा."

एरवी बाईंचं 'ठेव' पुरं व्हायच्या आत फोन कट व्हायचा. आज झाला नाही. बाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. टीव्हीवाल्यानं चावणं थांबवलं.

"…हॅलो?… ठेवला नाहीस?… मीही नाही… हं… आहेसच, तर ऐक. रविवारी येताना बिस्किटं घेऊन ये. डबा संपवलाय यानं."