वय सत्त्याहत्तर, नंबर चौथा

(घाटकोपरचं ज्येष्ठ नागरिक केंद्र, सोमवार सकाळ. दारातल्या फळ्यापाशी कार्यक्रमांचं बघणारी प्रियंका खडू घेऊन उभी आहे. मागे केंद्राच्या दोन सभासद, शकु आणि रतन.)

शकु : खोड आधी ते. खोड म्हणते ना.

प्रियंका : शकुताई, बरोबरच लिहिलंय मी. ‘चालण्याची स्पर्धा, मुलुंड. गट साठ ते पंचाहत्तर. रतन मेश्राम, वय बहात्तर, चौथा क्रमांक.’

शकु : बहात्तर कुठची? सत्त्याहत्तर वर्षांची आहे गो ती. पंचाहत्तरच्या वरच्या गटात घालायची सोडून तू हिला पोरींमध्ये घातलीस. त्या वरच्या गटातली पहिली बाई चोवीस मिनिटांत पोचली. आमची रतन वीस मिनिटांत. मग मेडल कुणाचं?

प्रियंका : फॉर्म मी आधार कार्डावरून भरला. एक जून एकोणीसशे त्रेपन्न.

रतन : तिच्यावर कायले ओरडतेस शकु? कार्ड मीच दिलं होतं. पण पोरी, ती तारीख माही नाही. भांडुपला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, तेव्हा साहेबानं विचारलं, जन्म कधीचा? मी म्हटलं, आई सांगे, तुरी फुलावर होत्या. त्यानं अंदाजानं लिहिलं एक जून, त्रेपन्न.

शकु : माझा पण एक जूनच. शाळेत घालताना मास्तरांनी टाकला.

प्रियंका : माहितेय. केंद्रात एक जूनला एकोणीस वाढदिवस येतात. केक एकच मागवते मी. तक्रार करता येईल रतनताई, पण पुरावा लागेल. शाळेचा दाखला वगैरे?

रतन : शाळा पाह्यलीच नाही मी.

शकु : मग तू दे ना लिहून केंद्राच्या लेटरहेडवर. मेडल कसं देत नाहीत ते मी बघते.

रतन : मले मेडल नको शकु. त्या बाईच्या गळ्यातलं काढून माह्या गळ्यात घालशील? तीही चोवीस मिनिटं चाललीच ना.

शकु : मग सकाळपासून तोंड पाडून का बसलीस?

रतन : वयापायी. पाच वर्षं खाल्ली माही त्या कागदानं. रिटायर पाच वर्षं उशिरा झाली. पाय सुजायचे, तरी उभ्यानं पॅकिंग केलं. तेव्हा बोलली नाही, घर चालवायचं होतं. आता कोणाचं काही अडत नाही. आता तरी माहं वय मले द्या.

प्रियंका : पण या फळ्याचा फोटो मी दर सोमवारी ऑफिसला पाठवते हो. कागदावर एक, फळ्यावर दुसरं, तर मलाच विचारतील. आणि सत्त्याहत्तरच हे नक्की कशावरून?

रतन : छप्पन साली नागपूरले दीक्षा झाली. आमचं गाव उमरेडच्या बाजूचं. सगळी वस्ती पायी निघाली. आईच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं, म्हणून खंडू माह्या कडेवर. माहा भाऊ, दीड वर्षाचा होता. दोन दिवस चालली मी त्याले घेऊन. आई सांगे, तेव्हा मले आठवं चालू होतं. तुह्या कागदानं मी तेव्हा तीन वर्षांची. तीन वर्षांची पोर दीड वर्षाच्या पोराले कडेवर घेऊन नागपूरले जाते का, तूच सांग.

प्रियंका : नाही जात.

शकु : बारा वर्षं शेजारी बसतेस, हे कधी बोलली नाहीस गो.

रतन : तू बोलू देशील तर. कार्डावर दोन वर्षांनी मोठी म्हणून सहलीच्या बसमध्ये दरवर्षी पुढची सीट घेतेस. मी गप मागं जाऊन बसते.

शकु : यंदा तू बस पुढे. खिडकी मात्र माझी.

प्रियंका : द्या तो डस्टर. पुसते बहात्तर.

शकु : आणि ऑफिसने विचारलं तर?

प्रियंका : तर सांगेन, या आणि त्यांच्याबरोबर एकदा चालून बघा. हं, ‘रतन मेश्राम, वय सत्त्याहत्तर.’ पण आता गट जुळत नाही, रतनताई. सत्त्याहत्तरची बाई या गटात कशी, असं येणारा-जाणारा विचारेल. गट आणि चौथा क्रमांक पण पुसू का?

रतन : नको, त्याले हात लावू नको. विचारू दे लोकांले, मी इथंच बसली आहे, सांगीन. बावीस जणी होत्या, साठ-पासष्टच्या, पायात नवे बूट घातलेल्या. त्यांच्यात चौथी आली मी. उलट ते चौथा जरा मोठ्या अक्षरात काढ.